खडीच्या वाटेवरची सायकल

बारडोली हे नाव कानी पडताच १९२८ सालचा शेतसाऱ्याचा लढा आणि त्या लढ्याने ज्यांना 'सरदार' ही पदवी मिळवून दिली ते वल्लभभाई पटेल यांचे स्मरण व्हावे, हे साहजिकच आहे. परंतु ज्याने हा मुलूख डोळ्यांनी पाहिला आहे, त्याच्या मनात दुसरेही एक चित्र उभे राहते. सपाट काळी जमीन, दृष्टी पोहोचेल तेथवर उभा असलेला ऊस, साखर कारखान्याचे धुराडे, आणि दिवाळी सरताच डांग, नंदुरबार व धुळे या भागांतून बिऱ्हाडे घेऊन ऊसतोडीस येणारी माणसे. गेल्या नाताळानंतर आठ दिवस बारडोलीस मुक्काम करण्याचा योग आम्हांला आला, तो अशाच एका कुटुंबामुळे. हे गृहस्थ मूळचे नवापूरच्या बाजूचे. लहानपणी आईबापांबरोबर ऊसतोडीस आले, पुढे येथेच स्थायिक झाले, आणि आज त्यांच्या घरी मराठी प्रार्थना व गुजराती व्यवहार एकाच छपराखाली सुखाने नांदत आहेत.

मुक्कामाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या अंगणात आम्ही एक नवलाईची सायकल पाहिली. तिचे हँडल मेंढ्याच्या शिंगांप्रमाणे खाली वळलेले होते, जसे शर्यतीच्या सायकलीचे असते. परंतु शर्यतीच्या सायकलीची सुतासारखी बारीक चाके तिला नव्हती. टायर चांगले रुंद, त्यांवर बारीक खवले, आणि चाकाच्या मधोमध पोलादी तबकडी. घरच्या थोरल्या मुलाने, जो सुरतेस एका कारखान्यात कामाला आहे, आपल्या पगारातून साठवलेल्या पैशांनी ती जुनी विकत घेतली होती. "हिला काय म्हणतात?" आम्ही विचारले. "ग्रॅव्हल बाइक, फादर. खडीच्या रस्त्यावर चालवायची," तो उत्साहाने उत्तरला.

ओटीवर बसलेले त्याचे वडील तेवढ्यावरच उसळले. "ऐका, फादर! आमचा जन्म खडीचे रस्ते तुडवण्यात गेला. आता दारापर्यंत डांबर आले, तर हा पैसे मोजून पुन्हा धोंड्यांत जाणार! आणि तेही डोंगरात! तुम्हीच सांगा याला चार शब्द."

चार शब्द सांगण्यापूर्वी वस्तू काय आहे हे समजून घ्यावे, असे आम्हांला वाटले. जे समजले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत; कारण आपल्या वाडीतल्या मुलांनीही असल्या सायकली मागण्यास आरंभ केला आहे, आणि हा वाद उद्या पुष्कळ ओट्यांवर होणार आहे.

खडीवर सायकल चालविणे ही काही नवी गोष्ट नव्हे. सायकल जन्मास आली तेव्हा डांबरी रस्ता होताच कोठे? फ्रान्स देशाची प्रसिद्ध शर्यत १९०३ साली सुरू झाली आणि १९१० साली ती प्रथमच पिरेनीज पर्वताच्या उंच घाटांतून नेण्यात आली. त्या वेळी ते घाट म्हणजे माती, चिखल आणि दगड यांच्या वाटा होत्या. त्या शर्यतीत १९३७ सालापर्यंत चालता चालता गिअर बदलण्याच्या यंत्रास परवानगी नव्हती. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना वेगवेगळ्या दात्यांच्या चक्र्या बसवीत, आणि चढ आला की स्वार खाली उतरून, चाक काढून, उलटे फिरवून पुन्हा बसवीत असे. पुढे रस्ते गुळगुळीत झाले, तशी चाके अरुंद झाली. मग मोटारींची गर्दी एवढी वाढली की शांत वाटांचा शोध घेणारे लोक पुन्हा मातीच्या रस्त्यांकडे वळले. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया या गावी २००६ साली खडीच्या रस्त्यांवरून सुमारे ३२० किलोमीटरांची शर्यत सुरू झाली. तेथील टेकड्यांतील गारगोट्या सुरीसारख्या धारदार असून टायर कापून टाकतात. या प्रकाराची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा इटलीमध्ये २०२२ साली झाली. म्हणजे गोष्ट जुनी, नाव मात्र नवे.

आणि आपल्या दृष्टीने ती किती जुनी आहे, हे आम्हांला त्याच अंगणात उमगले. भिंतीला टेकून वडिलांची काळी सायकल उभी होती. भारतात ॲटलास कंपनी १९५१ साली व हिरो कंपनी १९५६ साली या धंद्यात आली, आणि असल्या काळ्या, दणकट सायकली खेडोपाडी पोहोचल्या. पोस्टमन, शिक्षक, दूधवाला, कॅटेकिस्ट, सगळे तीवरूनच मुरमाच्या वाटा कापीत. आम्ही फूटपट्टी आणवून दोन्ही टायर मोजले. काळ्या सायकलीचा टायर दीड इंची, म्हणजे चाळीस मिलिमीटरांच्या आसपास. आणि नव्या सायकलीचा टायर बरोबर चाळीस! वडील प्रथमच किंचित हसले. म्हणाले, "म्हणजे माझीच सायकल याने महाग करून आणली."

हे अर्धे खरे होते. उरलेले अर्धे कोठे आहे ते मुलाने दाखविले. वडिलांच्या सायकलीला पेडलपाशी ४४ दाते आणि मागे १८. पेडलाचा एक फेरा झाला की ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर हे उत्तम. परंतु चढावर एका फेऱ्यात साडेपाच मीटर अंग वर ओढणे कोणत्या गुडघ्यांस झेपावे? नव्या सायकलीला पुढे ४० दाते आणि मागे चक्र्यांची उतरंड. त्यांतील सर्वांत मोठीस ४२ दाते. ती लावली की एका फेऱ्यात सायकल जेमतेम दोन मीटर सरकते. गती नाही, पण पायही थांबत नाहीत. मोठे धान्याचे पोते एकदम न उचलता पायली-पायलीने माडीवर न्यावे, तसा हा हिशेब आहे.

दुसरे रहस्य हवेचे. आपली समजूत अशी की टायर जितका टणक, तितकी सायकल हलकी. डांबरावर काही अंशी ते ठीक आहे. परंतु दगडांच्या वाटेवर टणक टायर प्रत्येक खड्यावर उसळतो, सायकल व स्वार यांना उचलतो व आपटतो, आणि पुढे नेण्याची शक्ती या उचलण्यातच वाया जाते. हवा थोडी कमी असली म्हणजे टायर दगडावर दबतो, त्याला पोटात घेतो आणि जमिनीला चिकटून राहतो. चाळीस मिलिमीटरांच्या टायरात मध्यम वजनाच्या माणसासाठी ३० ते ४० पौंड हवा पुरते. मात्र आत ट्यूब असेल तर फार हवा सोडू नये. कारण दगडावर आदळताच ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये चेंगरून तिला सापाच्या दंशासारखी दोन भोके पडतात. म्हणून नव्या सायकलींत पुष्कळदा ट्यूबच नसते. टायरात रबराच्या चिकासारखा पातळ पदार्थ घालतात आणि बाभळीचा काटा घुसला तर तो चीकच भोक बुजवून टाकतो.

तिसरी गोष्ट ब्रेकची. ती मुलगा सांगू लागला, तेव्हा वडील उठून आत निघून गेले. त्याचे कारण आम्हांला दोन दिवसांनी कळले.

मुलाचा बेत सोनगडच्या दक्षिणेकडील टेकड्यांत जाण्याचा होता. पिलाजीराव गायकवाडांच्या नावाशी निगडित असलेला किल्ला ज्या सोनगडास आहे, तेच हे सोनगड. तेथून दक्षिणेस वळले की सपाट मुलूख संपतो आणि डांगच्या अंगाचे साग-बांबूंचे डोंगर सुरू होतात. त्या बाजूच्या एका पाड्यात मुलाची आत्या राहते. "एकटा जाऊ नकोस, आम्ही येतो," असे आम्ही म्हणालो आणि शेजाऱ्याची काळी सायकल मागून घेतली. वडील क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "मग मीही येतो." तिन्ही सायकली टेम्पोत घालून आम्ही पहाटे निघालो.

डांबर सुटले आणि वाट चढू लागली, तसतसा आमचा पुस्तकी अभिमान उतरू लागला. मुरूम भुसभुशीत होता आणि मध्ये मध्ये पावसाने उघडे पाडलेले काळे दगड. आम्ही सवयीप्रमाणे सीटवरून उठून, उभे राहून पेडल मारले, तर मागचे चाक जागच्या जागी फिरले आणि आम्ही पाय टेकले. "फादर, बसूनच चालवा," मुलगा म्हणाला. "उभे राहिले की मागच्या चाकावरचे वजन जाते आणि ते घसरते." तो स्वतः बसून, कोपरे सैल सोडून, मुंगीच्या गतीने पण न थांबता वर जात होता. आम्ही दोघे वडीलधारे थोड्याच वेळात सायकली हाती धरून चालू लागलो. वडिलांनी दम घेत त्याच्या पाठीकडे पाहिले. त्यांच्या मुद्रेवर कौतुक होते आणि कौतुकाहून अधिक असे काहीतरी होते, जे आम्हांला वाचता येईना.

आत्याच्या घरी नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ खाऊन परत फिरलो. खिंडीच्या माथ्यावर, जेथून उतार सुरू होतो, तेथे वडिलांनी हात वर करून सर्वांना थांबविले. पुढे वाट एकदम खाली जाऊन डावीकडे वळत होती आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला कोरडा नाला होता.

"याच ठिकाणी," ते मुलाला म्हणाले, "तुझा काका गेला."

काका अपघातात वारला एवढेच मुलाला ठाऊक होते. कसा, ते घरात कोणी बोलत नसे. तीस वर्षांपूर्वीच्या श्रावणात एकोणीस वर्षांचा तो भाऊ बहिणीच्या घरून भाताचे पोते कॅरियरला बांधून निघाला होता. पाऊस चालू होता. काळ्या सायकलीचे ब्रेक सळयांचे. त्यांचे रबर पोलादी रिमवर दाबले जाते. रिम कोरडी असेल तोवर ते धरतात. परंतु ओल्या रिमवर रबर नुसते सरकते, आणि मागे पोत्याचे वजन असेल तर माणूस ब्रेक दाबतच राहतो व सायकल पळतच राहते. वळण त्याला घेता आले नाही. थोरला भाऊ, म्हणजे आमचे हे यजमान, मागून पायी येत होते. "ब्रेकचे रबर झिजले आहे, हे मला ठाऊक होते," ते म्हणाले. "बदलतो, बदलतो म्हणत राहिलो. सायकल माझी होती."

आम्ही तिघे तेथे उभे राहिलो आणि त्या तरुण आत्म्याच्या चिरशांतीसाठी प्रार्थना केली. तीस वर्षे या मनुष्याने हा धोंडा एकट्याने वाहिला होता. मुलाच्या सायकलीचा त्यांना राग नव्हता. त्यांना या वळणाचे भय होते.

काही वेळाने मुलगा सायकल घेऊन पुढे आला. तो वाद घालील असे आम्हांला वाटले. त्याने एवढेच म्हटले, "बाबा, तुम्हीच आधी चालवून बघा. वळणापर्यंत जाऊ नका, त्या आंब्यापर्यंतच." त्याने आपले हेल्मेट त्यांच्या डोक्यावर ठेवून पट्टा बांधला आणि सांगितले की पुढचा ब्रेक हळू, मागचा त्याच्याबरोबर, आणि एकदम आवळायचा नाही.

वडील बसले. पाच-सहा वावांवर त्यांनी ब्रेक दाबला. सायकल मुरमात थांबली. पुन्हा सोडली, पुन्हा दाबली, पुन्हा थांबली. त्या पोलादी तबकडीचे गमक हेच की ती रिमपासून दूर, चाकाच्या मध्याशी असते. चिखल-पाणी तिच्यापर्यंत कमी पोहोचते, आणि ओली झाली तरी तिची पकड लवकर परत येते. आंब्यापर्यंत जाऊन ते सायकल हाती धरून वर चालत आले आणि म्हणाले, "ब्रेक चांगला आहे. आता पोरगा कसा आहे ते पाहू दे."

मग त्यांनी स्वतः वळणावर जाऊन उभे राहण्याचे ठरविले. मुलगा उतरला. पेडल दोन्ही समान पातळीवर, अंग किंचित मागे, कोपरे वाकलेली, नजर चाकासमोरच्या दगडावर नव्हे तर पुढल्या वाटेवर. वळण येण्यापूर्वीच त्याने गती कमी केली, वळणात ब्रेकला हात लावला नाही, आणि चालत्या माणसाच्या वेगाने वडिलांच्या समोरून निघून खाली थांबला. आम्ही दोघांनी मात्र आपल्या काळ्या सायकली हाती धरून तो उतार पायी उतरला, आणि त्यात आम्हांला काहीही कमीपणा वाटला नाही.

परतीच्या टेम्पोत आम्ही त्यांना एका गिरिमाथ्याची हकीकत सांगितली. इटलीत कोमो सरोवरापाशी घिसालो नावाचा घाट आहे. त्याच्या माथ्यावर पवित्र मरियेचे एक लहानसे देवालय असून डाकूंनी पाठलाग केलेल्या एका सरदाराने तेथे आश्रय घेतला, अशी दंतकथा आहे. १९४९ साली पोप बारावे पायस यांनी घिसालोच्या मातेस सायकलस्वारांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. त्या देवालयाच्या भिंतींवर नामांकित स्वारांच्या सायकली टांगलेल्या आहेत. गिनो बार्ताली हा त्या घाटावरून जाणाऱ्या स्वारांतला एक थोर स्वार. त्याने फ्रान्सची शर्यत १९३८ साली जिंकली आणि दहा वर्षांनी, १९४८ साली, पुन्हा जिंकली. परंतु त्याची खरी दौड या दोहोंच्या मध्ये होती. १९४३-४४ सालच्या संहारकाळात तो सरावाच्या मिषाने फ्लॉरेन्स व असिसी यांच्या दरम्यान सायकल चालवी आणि सायकलीच्या नळीत ज्यू लोकांचे प्राण वाचविणारी बनावट ओळखपत्रे लपवून नेई. जिवंतपणी त्याने या गोष्टीचा गवगवा केला नाही. त्याच्या मृत्यूनंतर २०१३ साली इस्राएलने त्याचा मरणोत्तर गौरव केला. आम्ही म्हणालो, "सायकल चैनीची की कामाची, हे सायकल ठरवीत नाही, वर बसलेला माणूस ठरवितो."

वडिलांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "त्याचे ब्रेकसुद्धा चांगले असतील." आम्ही निरुत्तर झालो. उपदेश आमचा होता, परंतु मुद्दा त्यांचा होता.

आता वाचकांपैकी ज्या आईबापांच्या ओट्यावर हा वाद होईल, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पहिली ही की, मुलाला नुसते 'जाऊ नको' म्हटले तर तो न सांगता जाईल. त्यापेक्षा आपले भय त्याला कारणासह सांगावे. ज्या घरात पूर्वीचा अपघात झाकून ठेवलेला असतो, त्या घरातल्या मुलाला वडिलांचे भय हट्टासारखे दिसते. भयास वाचा फुटली की त्याचा सावधपणा होतो, आणि सावधपणा मुलाच्या उपयोगी पडतो.

दुसरी ही की, डोंगरात जाणाऱ्याने काही नियम पाळलेच पाहिजेत. निघण्यापूर्वी ब्रेकचे रबर व तारा, चाकांची पकड आणि चेन तपासावी. हेल्मेटवाचून जाऊ नये. एकट्याने जाऊ नये, आणि कोणत्या वाटेने जाऊन केव्हा परतणार हे घरी सांगून जावे. पाणी, पंप, जादा ट्यूब व पंक्चरचे सामान बरोबर घ्यावे. डोंगरात दुकान नसते आणि पुष्कळ ठिकाणी फोनही लागत नाही. पूर्णा अभयारण्य किंवा वांसदा राष्ट्रीय उद्यान यांसारख्या राखीव वनांत वनखात्याच्या परवानगीवाचून शिरू नये. पावसाळ्यात ओहोळावरच्या फरशीवरून पाणी वाहत असेल तर थांबावे. ते पाणी गुडघ्याएवढे दिसले तरी माणसासह सायकल ओढून नेते. पाड्यांतून जाताना हळू जावे, कारण ती वाट आपल्या खेळाची असली तरी तेथील लोकांच्या रोजच्या येण्याजाण्याची आहे. आणि ज्यास नवी सायकल परवडत नाही त्याने खंत करू नये. घरच्या काळ्या सायकलीचे ब्रेक नीट करून घेतले, तर सपाट मुरमाच्या वाटेवर ती आजही पुरेशी आहे. मात्र ओल्या घाटाच्या उतारावर ती हाती धरूनच चालवावी.

आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशी रविवार होता. मिस्सा आटोपून परतलो, तेव्हा अंगणात दोन्ही सायकली उलट्या करून ठेवलेल्या दिसल्या. वडील जमिनीवर बसून काळ्या सायकलीचे जुने रबर काढून नवे बसवीत होते, आणि मुलगा शेजारी बसून पाना देत होता. आम्हांला पाहून वडील म्हणाले, "फादर, तीस वर्षे उशीर झाला."

आम्ही काही बोललो नाही. खाली बसलो आणि दुसऱ्या बाजूचे चाक धरले.